सोळा साती बारोदरसे

परवा भाचीसाठी वह्या आणायला गेलो होतो. एक वही सोळा रुपयांची होती आणि हव्या होत्या सात. दुकानदार कॅल्क्युलेटर शोधत असताना माझ्या तोंडून 'बारोदरसे' असा शब्द निघाला आणि त्या तरुण माणसाने, मी कुठल्या तरी परक्या चलनात भाव सांगितल्यासारखे, चमकून माझ्याकडे पाहिले. "एकशे बारा," मी सावरून घेतले. त्याने कॅल्क्युलेटरवर खात्री करून घेतली ती घेतलीच.

घरी येताना लक्षात आले की मी हिशेब असा केलाच नव्हता. मनातल्या मनात 'सोळा एके सोळा'पासून पायऱ्या उतरत गेलो होतो आणि 'सोळा पाचा ऐंशी, सोळा सक शहाण्णव' एवढे म्हटल्यावर 'सोळा साती बारोदरसे' आपोआप पुढे आले होते. मधूनच कोणी मला सोळा साते किती असे विचारले, तर आजही उत्तर येत नाही. चार पावले मागे जाऊन, ठेका पकडून, पुन्हा यावे लागते.

आमच्याकडे तिन्हीसांजेला परवचा होत असे. आधी शुभंकरोति, मग रामरक्षा आणि त्याच मांडीवर, त्याच सुरात, तीसपर्यंतचे पाढे. रामरक्षेतले बहुतेक श्लोक अनुष्टुभातले, आठ-आठ अक्षरांच्या चरणांचे. पाढ्यांचे वृत्त कोणी सांगितले नव्हते, पण अंगाचे झुलणे दोन्हींना सारखेच लागे. त्यामुळे स्तोत्र कुठे संपले आणि गणित कुठे सुरू झाले, हे मला बरीच वर्षे कळत नव्हते. वडिलांची पिढी याही पुढे जाऊन पावकी, निमकी, औटकी म्हणत असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा.

पाढ्यांची भाषा ऐकली की ती व्यवहारातली नव्हे, हे चटकन जाणवते. दुणे, त्रिक, चोक, सक हे शब्द बाजारात कोणी वापरत नाही. 'दोन त्रिक केळी द्या' असे म्हणून पाहावे. ते शब्द पाढ्यातच जन्मभर राहतात, कारण तिथे अर्थाइतकेच त्यांच्या वजनालाही काम असते. बारोदरसे हाही असाच जपून राहिलेला शब्द. शंभराच्या 'उत्तर', म्हणजे वर, बारा. एरवीच्या बोलण्यातून ही रीत केव्हाच गेली, पण ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ती ठसठशीत उभी आहे:

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

बाराशेच्या वर बारा, म्हणजे शके 1212, इसवी सन 1290. दुकानातला माझा 'बारोदरसे' आणि हा 'बारोत्तरें' एकाच घरातले आहेत, हे कळल्यावर मला त्या सात वह्यांचा फार अभिमान वाटला. पण या ओवीत त्याहूनही रस घेण्यासारखे पुष्कळ आहे. पहिले तीन चरण यमकाने एकमेकांना धरून चालतात आणि चौथा आखूड चरण यमक सोडून खाली बसतो. ओवीला साडेतीन चरणांची म्हणतात ते यामुळेच. मराठीचा आद्य छंद औटकीच्या मापाचा निघावा, याची मौज वाटते. शिवाय त्या अर्ध्या चरणात सांगितले आहे ते लेखकाविषयी. टीका 'केली' ज्ञानेश्वरांनी आणि 'लेखकु' झाले सच्चिदानंदबाबा. आधी बोलणे आणि मग लिहिणे, असा तो क्रम आहे.

कवितेच्या उगमाची आपल्याकडची प्रसिद्ध कथा वाल्मीकींची. निषादाने क्रौंचाच्या जोडीतल्या नराला मारले, मादी आक्रोश करू लागली आणि ऋषींच्या तोंडून शापवाणी निघाली, म्हणून शोकाचा श्लोक झाला, असे आपण सांगतो. मला त्यानंतरचा क्षण अधिक ओढून घेतो. वाल्मीकी स्वतःच चकित होतात, 'किमिदं व्याहृतं मया', हे मी काय बोलून गेलो, असे स्वतःला विचारतात आणि मग शिष्याला जे सांगतात ते जवळजवळ व्याकरणाचे टिपण आहे: हे चरणांत बांधलेले आहे, अक्षरे सम आहेत, वीणेच्या लयीवर म्हणता येईल असे आहे. पक्षी अजून रक्तात पडलेला असताना या माणसाने अक्षरे मोजली! लहानपणी मला हे थोडे निष्ठुर वाटे. आता वाटते की, शोक आणि मोजणी मनाच्या एकाच खोलीत राहत असावीत. विलाप करणाऱ्या बाईचा हेलसुद्धा ठरावीक अंतराने परत येतो.

वाल्मीकींच्या कथेत कविता एका क्षणी, एका माणसाला सुचते. मराठी ओवीच्या जन्माला असा मुहूर्त नाही. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात एवढेच म्हटले आहे की, महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षे आधी उखळ-मुसळाच्या ठेक्यावर ओवी चालू होती आणि राजाच्या कानावर जाण्याइतकी ती रुळलेली होती. जनाबाईंनीही 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' म्हटले, तेव्हा कामाचे नाव आधी आले आणि देवाचे नंतर.

माझ्या आजीला ओव्या येत. कॉलेजात असताना मी एकदा वही-पेन घेऊन तिच्यासमोर बसलो आणि ओव्या सांग म्हणालो. आयुष्यभर दळलेली ती बाई गडबडून गेली. दोन शब्द म्हणे आणि थांबे, 'तसं नाही ते' म्हणून मान हलवी, पुन्हा दुसरेच काही सुरू करी. जाते तोवर परसात पालथे पडले होते, कारण गावात पिठाची गिरणी येऊन वीस वर्षे झाली होती. शेवटी तिने उजवी मूठ मांडीवर धरली, खुंटा धरावा तशी, आणि गोल फिरवू लागली. डावा हात अधूनमधून सुपाकडे जाऊन आल्यासारखा हलत होता, जणू जात्याच्या तोंडात वैरण घालत होती. मग 'पहिली माझी ओवी गं' आले आणि त्यामागून बाकीचे येत राहिले, इतके भराभर की मला लिहून घेता येईना. मी 'थांब, थांब' म्हटले की मूठ थांबे आणि ओवीही थांबे. मधल्या शब्दापासून पुढे जाणे तिला जमत नसे. सोळा साते मला मधूनच जमत नाही, तसेच ते होते.

युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांची दीर्घ वीरगाणी 1933 ते 1935 या काळात अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी आणि त्याचा सहायक आल्बर्ट लॉर्ड यांनी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा त्यांनाही हेच आढळले. वाद्य काढून घेऊन, थांबत थांबत सांगायला लावले की गायकांच्या ओळी मोडत. ते गायक काव्य पाठ करून ठेवत नसत. ठरलेली वाक्खंडे ठेक्यात बसवत ते गातागाताच काव्य रचत. आजीच्या 'सांगते बाई तुला' आणि 'पहिली माझी ओवी' यांचेही काम हेच असणार: पुढची ओळ सुचेपर्यंत जाते फिरते ठेवायचे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा ओव्या गोळा केल्या आणि त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. एवढ्या ओव्या रचणाऱ्या बायकांपैकी स्वतःला कवयित्री म्हणवणारी क्वचितच कोणी निघेल.

भाषा कळण्याआधी तिची लय कळते, हे आता बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. अमेरिकेत 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गर्भवती बायकांनी शेवटच्या सहा आठवड्यांत लहान मुलांची एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचली. जन्मलेल्या बाळांनी चोखणीच्या चोखण्याचा वेग बदलून तीच गोष्ट पुन्हा ऐकणे पसंत केले, वाचणारी बाई दुसरी असली तरी. पोटात शब्द पोहोचत नाहीत, चढउतार आणि ठेका पोहोचतो.

आणि भाषा निघून जाते तेव्हाही तो मागे राहतो. आमच्या एका काकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. पाणी हवे असले तरी ते 'ते… ते…' यापुढे जात नसत. त्या वर्षी गणपतीत त्यांना खुर्चीवर आणून बसवले, आरती सुरू झाली आणि 'सुखकर्ता दुखहर्ता' काका सगळ्यांबरोबर म्हणू लागले, उच्चार जड असले तरी शब्द बिनचूक. आरती संपल्यावर काकूंनी घाईघाईने विचारले, "पाणी देऊ का?" आणि काका पुन्हा 'ते… ते…'वर आले. डॉक्टर म्हणाले की असे पुष्कळदा दिसते. गाणी, प्रार्थना, आकड्यांची मोजणी अशा घोकलेल्या गोष्टी वाचा गेल्यावरही शिल्लक राहू शकतात. घरी पोरांनी मग काकांना पाढे म्हणायला लावले. बेचा पाढा ते शेवटपर्यंत म्हणाले.

त्याच आरतीत आमची निम्मी मंडळी 'फणिवरबंधना'ऐवजी 'फळीवर वंदना' म्हणतात, हे सांगायला नको. अर्थाचा पार चुराडा झाला तरी अक्षरे सातची सातच राहतात.

वह्या घेऊन घरी आलो तेव्हा भाची पाढेच म्हणत होती, अर्थात इंग्रजी शाळेतले. 'टू वन झा टू, टू टू झा फोर, टू थ्री झा सिक्स.' पाय झोक्यासारखे हलत होते. मूळच्या 'टू वन्ज आर टू'मधला 'आर' मागच्या 'ज'ला चिकटून त्याचा 'झा' झाला, हे मला ठाऊक होते. संस्कृत श्लोकांत 'च', 'वै', 'तु', 'हि' जिथे येऊन चरण भरून काढतात आणि आजीच्या ओवीत 'गं बाई' जिथे येई, नेमकी तीच जागा या 'झा'ने पटकावली होती. तरी मी तिला विचारले, "झा म्हणजे काय गं?"

तिने माझ्याकडे पाहिले, पाय हलायचे थांबले. "मामा, झा म्हणजे झा," ती म्हणाली आणि मी मध्ये बोललो म्हणून तिला पुन्हा 'टू वन झा'पासून सुरुवात करावी लागली.