बेस्ट, पण कोणांत?

इयत्ता आठवीत असताना इंग्रजीच्या बाईंनी 'माय स्कूल' या विषयावर दहा ओळींचा निबंध लिहून आणायला सांगितला होता, आणि मी त्याची सुरुवात 'माय स्कूल इज बेस्ट स्कूल' या वाक्याने दणक्यात केली होती. वही परत आली तेव्हा 'बेस्ट'च्या आधी लाल शाईचे काकपद होते आणि त्यावर राहून गेलेला 'द' बसवलेला होता. ते अपेक्षितच होते. समासात मात्र मराठीत एकच शब्द लिहिला होता : 'कोणांत?' शाळेविषयी विचारायचे तर 'कशांत' म्हणायला हवे, हे बाईंना ठाऊक नव्हते असे नाही. पण माणूस असो, वस्तू असो की वास्तू, त्यांचा प्रश्न सर्वांना सारखाच असे. मी वही घेऊन टेबलापाशी गेलो.

"तू किती शाळा पाहिल्या आहेस?"

"एकच, बाई."

"मग तुझी शाळा चांगली असेल, फार चांगली असेल, पण एकट्याने बेस्ट कसे होता येईल?"

मी जागेवर येऊन ते वाक्य खोडले आणि 'माय स्कूल इज गुड' असे लिहिले. त्यावर बाईंनी काहीही न बोलता बरोबरची खूण केली. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असे पत्र आले तेव्हा मला आधी आठवला तो हा 'कोणांत?', आणि पुढे भाषांतराच्या व्यवसायात पडल्यावर या एका प्रश्नाने मला किती वेळा सावरले तेही आठवले.

परीक्षेत 'डिग्री' बदलण्याचा एक प्रश्न हमखास असे आणि आम्ही तो सूत्रासारखा पाठ करीत असू. 'ही इज द बेस्ट प्लेयर इन द टीम' हे वाक्य दिले की त्याचे 'ही इज बेटर दॅन एनी अदर प्लेयर इन द टीम' करायचे आणि मग 'नो अदर प्लेयर इन द टीम इज अ‍ॅज गुड अ‍ॅज ही इज'. त्यातला 'अदर' गाळला की अर्धा गुण जाई, आणि ही कंजुषी आहे असे आम्हांला वाटे. बाईंनी एकदा एका उंच मुलाला फळ्याजवळ उभे केले आणि विचारले, "हा वर्गातल्या कोणत्याही मुलापेक्षा उंच आहे, असे म्हटले तर हा स्वतः वर्गातला मुलगा आहे की नाही? मग हा स्वतःपेक्षाही उंच झाला." वर्ग हसला, आणि 'अदर' त्यानंतर कोणी गाळल्याचे मला आठवत नाही.

दुसरा खड्डा 'वन ऑफ द बेस्ट'चा. त्यापुढचे नाम अनेकवचनी हवे, 'वन ऑफ द बेस्ट प्लेयर्स', हे किती वेळा सांगितले तरी शेवटचा 'स' गळतोच; आजही मोठमोठ्या लोकांच्या भाषणांत तो गळालेला ऐकू येतो. खरे तर मराठी माणसाची ही चूक व्हायला नको, कारण आपला 'पैकी' अनेकवचनच मागतो. 'उत्तम खेळाडूंपैकी एक' हे आपण अनुस्वारासह लिहितो आणि 'खेळाडूपैकी एक' दिसले तर डोळ्यांना खुपते. इंग्रजीत शिरताना हे भान आपण दाराबाहेर का ठेवतो, ते मला उमगलेले नाही.

अनुस्वाराचा विषय निघालाच आहे तर बाईंची एक युक्ती येथे नोंदवतो. ती मला पुढे कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडली नाही. 'बेस्ट'नंतर 'इन' यावा की 'ऑफ', हा आम्हांला पडणारा नेहमीचा पेच होता, कारण मराठीत दोन्हींचे काम एकटा '-त' हा प्रत्यय करतो. बाई म्हणत, मनात मराठी शब्द लिहून पाहा. वर्गात, संघात, जगात, म्हणजे जेथे अनुस्वार नाही तेथे 'इन द क्लास', 'इन द टीम', 'इन द वर्ल्ड'. मुलांत, तिघांत, सगळ्यांत, म्हणजे जेथे अनुस्वार आहे तेथे 'ऑफ द बॉइज', 'ऑफ द थ्री', 'ऑफ ऑल'. एक गट म्हटला की 'इन', गटातली माणसे मोजली की 'ऑफ'. नियम प्रत्येक ठिकाणी चालेल असे नाही, पण शुद्धलेखनाचा धडा इंग्रजीच्या तासाला असा पक्का झालेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मुळात 'बेस्ट'ला मराठीत एका शब्दाचा तोलाचा जोडीदार नाही. आपण 'सगळ्यांत चांगला' म्हणतो, म्हणजे तुलना कोणांत आहे ते आधी सांगतो आणि गुण मागाहून. इंग्रजीत ती तुलना शब्दाच्या पोटात लपते आणि म्हणून ती विचारून घ्यावी लागते. संस्कृतची रीत मात्र इंग्रजीच्या जवळची आहे. 'गुड'चे 'गुडेस्ट' का होत नाही, मध्येच 'बेटर' आणि 'बेस्ट' कोठून उपटतात, याचे आम्हांला हसू येई. पण पाणिनीने 'प्रशस्यस्य श्रः' या सूत्रात हेच सांगून ठेवले आहे, की 'प्रशस्य' शब्दापुढे 'ईयस्' आणि 'इष्ठ' हे तुलनेचे प्रत्यय आले तर मूळ शब्द जाऊन त्या जागी 'श्र' येतो, आणि म्हणून 'श्रेयस्' व 'श्रेष्ठ' ही रूपे होतात. त्यातला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला '-एस्ट' हे एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज आहेत. जुन्या इंग्रजीत 'बेस्ट'चे रूप 'बेत्स्त' असे होते. जिभेला जड जाणारा मधला 'त' काळाच्या ओघात गळाला. म्हणजे 'बेस्ट', 'श्रेष्ठ', 'ज्येष्ठ' आणि 'कनिष्ठ' यांची शेपटी एकच आहे.

याच्या उलट, 'बेटर' आणि फारसी 'बेहतर' यांचे नाते असणारच, असे कोणालाही वाटेल. मलाही पुष्कळ दिवस वाटत होते. ते साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, कारण फारसी शब्दात 'बेह' हा चांगलेपणाचा वेगळाच धातू आहे आणि पुढचा 'तर' आपल्या 'तर-तम'मधला आहे. मराठीने मात्र त्या शब्दाचे सोने केले. 'प्राण गेला तरी बेहत्तर' म्हणणाऱ्याला आपण फारसीतला 'अधिक चांगले' हा शब्द वापरत आहोत याची कल्पनाही नसते.

अशी तमभावाची, म्हणजे 'सगळ्यांत' असे सांगणारी, रूपे वापरून वापरून झिजतात. 'श्रेष्ठ' म्हणजेच सगळ्यांत चांगला, पण तेवढ्याने आपले समाधान होत नाही म्हणून 'सर्वश्रेष्ठ', आणि त्यानेही होत नाही म्हणून 'श्रेष्ठतम'. शेक्सपिअरच्या एका पात्राच्या तोंडी 'मोस्ट अनकाइंडेस्ट' असा दुहेरी प्रयोग आहे आणि त्या काळी तो खपत असे. अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी तो दोषात काढला. 'मोस्ट बेस्ट' लिहिल्याबद्दल कान पिळला गेलेल्या माझ्या वर्गमित्राचे नशीब एवढेच, की तो काही शतके उशिरा जन्माला आला.

व्यवसायात आल्यावर पहिली शोभा झाली ती 'द बेस्ट पार्ट ऑफ टू अवर्स' या शब्दांनी. एका प्रवासवर्णनाचे भाषांतर करताना मी 'दोन तासांतील सर्वोत्तम भाग त्यांनी बोटीची वाट पाहण्यात घालवला' असे लिहून दिले. संपादकांनी फोन करून अतिशय सौम्यपणे विचारले, की उरलेला निकृष्ट भाग त्यांनी कोठे घालवला. येथे 'बेस्ट'चा गुणाशी काही संबंध नाही. मोठा हिस्सा, बहुतेक सगळा वेळ, एवढाच त्याचा अर्थ आहे. मराठीत विचार केला असता तर हे तेव्हाच सुचले असते, कारण 'चांगले दोन तास ताटकळत ठेवले' असे आपण चिडून म्हणतो तेव्हा त्यात चांगले काहीच नसते.

तसेच 'यू हॅड बेस्ट गो'. त्यात 'हॅड' पाहून मी भूतकाळ शोधत बसलो होतो. वास्तविक 'तू गेलेलाच बरा' हे त्याचे बिनचूक मराठी आहे, आणि आपणही तेथे न झालेल्या गोष्टीला 'गेलेला' असे भूतकाळी रूपच देतो. क्रियापद म्हणून तर या शब्दाने कमालच केली आहे : 'टू बेस्ट' म्हणजे एखाद्यावर मात करणे आणि 'टू वर्स्ट' म्हणजेही मात करणेच. एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे दोन शब्द क्रियापद होताच एका अर्थाला येऊन मिळतात.

'अ‍ॅट बेस्ट' हा प्रयोग त्याहून कावेबाज आहे. एखाद्या कामाला 'अ‍ॅट बेस्ट, अ‍ॅव्हरेज' म्हटले की ते स्तुतीच्या शब्दाने केलेले निंदेचे वाक्य होते, आणि मराठीत त्याला 'फार तर' हाच नेमका शब्द आहे. वासरांत लंगडी गाय शहाणी, हे आपल्याकडे पूर्वीच कोणी तरी सांगून ठेवले आहे; 'बेस्ट' हा शब्द गाय शहाणी असल्याची हमी देत नाही, तिच्याभोवती वासरे आहेत एवढेच सांगतो.

डब्यांवरच्या 'बेस्ट बिफोर' या शब्दांतही तुलना आहे, फक्त ती त्या पदार्थाची त्याच्याच पुढच्या दिवसांशी आहे. ती तारीख उलटली की चव, वास, कुरकुरीतपणा उतरणीला लागतो. पदार्थ घातक झालाच असे नव्हे. सुरक्षिततेची मुदत सांगणारे शब्द 'यूज बाय' हे वेगळे आहेत, आणि दोन्हींचे भाषांतर सरसकट 'या तारखेपूर्वी वापरावे' असे करणारे लोक वाचकाचा गोंधळ करतात. धावपटूचा 'पर्सनल बेस्ट' हाही असाच घरातल्या घरात मोजला जाणारा. तेथे इतर धावपटूंना प्रवेशच नाही.

दोघांत 'बेस्ट' नसतो, 'बेटर' असतो, असे बाई ठासून सांगत. पाय दोनच असताना इंग्रज आपला 'बेस्ट फुट' पुढे टाकतात, आणि लढत दोघांची असली तरी 'मे द बेस्ट मॅन विन' म्हणतात, हे मी पुढे वाचले तेव्हा बाईंना जाऊन विचारावे असे फार वाटले. शेक्सपिअरने 1616 सालच्या आपल्या मृत्युपत्रात पत्नीला 'सेकंड बेस्ट बेड' ठेवला, यावरून कित्येकांनी त्या संसाराविषयी वाईट तर्क केले आहेत. घरातला सर्वांत चांगला पलंग त्या काळी पाहुण्यांसाठी राखून ठेवीत, म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा तो नवराबायकोचा, असे त्यावर काही अभ्यासक सुचवतात. त्यांचे म्हणणे मला पटते.

ता. क. स्मरणिका समितीच्या पत्रात 'शाळेतील आपली बेस्ट आठवण' मागवलेली आहे. आठवणी पुष्कळ आहेत आणि त्यांची आपसांत लढत मी लावलेली नाही, तेव्हा वरचा मजकूर 'वन ऑफ द बेस्ट मेमरीज' या सदरात घ्यावा. छापताना शेवटचा 'ज' तेवढा गळू देऊ नये.