मावशीची ड्युटी

दत्तक जाणारं मूल न रडता नव्या आईच्या कडेवर गेलं की संस्थेत सगळ्यांना हायसं वाटतं. मला मात्र धास्ती वाटते. चिऊच्या निरोपाला बरेच महिने झाले, तरी तो दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. नाव अर्थातच बदललेलं आहे.

मी पुण्यातल्या एका दत्तक संस्थेत समाजकार्यकर्ती आहे. चिऊ आमच्याकडे आली तेव्हा तान्ही होती, आणि तिच्या हृदयाला छिद्र होतं. बाल कल्याण समितीने तिला दत्तकासाठी मुक्त घोषित केलं, पुढे शस्त्रक्रियेने छिद्रही बुजलं, वजन वाढलं. पण 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर तिच्या नावापुढे 'विशेष गरजा' लागलं ते लागलंच. तेवढं वाचूनच आपल्याकडची माणसं मागे सरतात. निरोगी तान्ह्या बाळासाठी तीन-तीन वर्षं थांबायची तयारी असते, पण शस्त्रक्रिया होऊन टुणटुणीत झालेल्या पोरीचा अहवाल कोणी उघडून बघत नाही. याचा मला राग येतो. शेवटी तिला होकार आला तो इटलीहून. नवरा, बायको आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा.

परदेशी दत्तक म्हणजे पैसे भरले आणि मूल नेलं, असं अजून पुष्कळांना वाटतं. त्या जोडप्याला आधी त्यांच्याकडच्या बालन्यायालयातून पात्रतेचा हुकूम मिळवावा लागला होता. मग त्यांच्या घराचा पाहणी अहवाल, आमच्याकडून मुलीचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल, दोन्ही देशांच्या प्राधिकरणांची संमती, काराचं ना-हरकत पत्र, आणि सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश. त्यावर नवा जन्मदाखला, पासपोर्ट, आणि सगळं हेग करारानुसार झाल्याचं प्रमाणपत्र. एका देशातून दुसऱ्या देशात मूल दत्तक देण्याबद्दलचा हा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला. कागद फिरत असतात तोवर मूल वाढत असतं. फोटोत रांगणारी पोर आईबापांसमोर धावत येते.

या कागदांच्या जोडीने मी एक वही पाठवते. ती कोणत्याही नियमात नाही, आणि तिचा मला अभिमान आहे. मूल कोणत्या कुशीवर झोपतं, दूध किती कोमट लागतं, कशाला घाबरतं, हे सगळं त्यात असतं. आमच्या मुलांना तांब्याने आंघोळ घालतात. नव्या आईबापांच्या हॉटेलात डोक्यावर शॉवर सुरू झाला की ती किंचाळतात. रात्रभर दिवा आणि आजूबाजूला मुलांची खुडबुड असते. अंधाऱ्या, शांत खोलीत त्यांना झोप येत नाही. वाढाल तितकं ती खात राहतात, कारण पुन्हा मिळेल याची खात्री नसते. गाडीची सवय नसते, उलटी होते. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या मावशी, बायकाच बायका, त्यामुळे दाढीवाल्या बापाला बुजतात. आणि सोबत जाणारी गोधडी धुवायची नाही, हे मी ठळक लिहिते. ती स्वच्छ धुऊन, घडी घालून द्यावी असं आमच्या कार्यालयातल्या लोकांना दरवेळी वाटतं. त्या वासाखेरीज मुलाकडे आपलं म्हणावं असं काही नसतं, हे दरवेळी नव्याने समजावावं लागतं.

चिऊच्या वहीत एक ओळ होती : रात्री मावशींचा दंड धरून झोपते.

निरोपाच्या दिवशी पाट, रांगोळी, औक्षण, पेढे, सगळं होतं. वरिष्ठही आले होते. चिऊला आणलं आणि ती हसत, दोन्ही हात वर करून सरळ त्या बाईंकडे गेली. टाळ्या वाजल्या. 'बघा, कशी ओळखलीन आई!' असं कोणीतरी म्हणालं. मला ते ऐकवेना. चिऊ सगळ्यांकडेच तशी जायची. वाढदिवसाला केक घेऊन येणारे देणगीदार, फोटो काढणारी कॉलेजची मुलं, पाण्याचे जार टाकणारा दादा. जो उचलेल त्याच्या गळ्यात हात. लोकांना वाटतं मूल लाघवी आहे. पाळीपाळीने हात बदलत गेलेलं मूल असं होतं, आणि तासाभरासाठी मुलांना उचलून निघून जाणाऱ्या भल्या माणसांचाही त्यात वाटा आहे.

तिच्यासाठी वेगळं असं एकच माणूस होतं, रात्रपाळीच्या मावशी. शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यात उशाशी बसल्या होत्या त्याही त्याच. पण निरोपाच्या दिवशी मुलाच्या लाडक्या मावशीला सुट्टी द्यायची, असा आमच्याकडचा रिवाज. मावशी रडते, मग मूल रडतं, मग पाहुणे घाबरतात.

आईने पेढा बाजूला ठेवला आणि दुभाष्याला काहीतरी विचारलं. ज्यांचा दंड धरून ही झोपते, त्या कुठे आहेत? तिने वही ओळ न् ओळ वाचली होती. खोलीत कोणी उत्तर देईना. मी बाहेर जाऊन मावशींना फोन लावला.

त्या हडपसरहून रिक्षा करून आल्या, घरच्याच साडीत. त्यांना पाहताच चिऊ नव्या आईच्या मांडीवरून घसरून धावत सुटली आणि जे रडायला लागली ते थांबेचना. वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. मावशी मात्र जमिनीवर बसल्या. 'मॅडमना म्हणावं, इथे या.' बाईही शेजारी मांडी घालून बसल्या. मावशींनी वाटीतला वरणभात भरवला, अर्ध्यावर वाटी बाईंच्या हातात दिली. मग चिऊचा हात धरून त्यांच्या दंडावर ठेवला. 'ही आई. मी आता घरी चालले. तू आईबरोबर जायचं, दादाबरोबर जायचं. मी नाही येणार बाळा.' लपून निघून गेल्या नाहीत. समोरून, सांगून गेल्या. इतकं नीट काम मी शिकलेल्या लोकांकडून क्वचितच पाहिलंय. चिऊ गाडीत बसली तीही ओरडतच.

'हसत निघालेल्या पोरीला तू रडवलंस,' माझी सहकारी म्हणाली. ती वाईट बाई नाही, तिचं चिऊवर प्रेम होतं. मी म्हटलं, माणूस सुटतंय हे तिला कळायला हवं होतं. ते न कळता गेलेली पोर उद्या विमानतळावर कोणाचंही बोट धरेल. 'ते कळायला ती अवघी अडीच वर्षांची आहे,' ती म्हणाली. याला माझ्याकडे आजही पुरं उत्तर नाही.

पहिल्या रात्री चिऊ उशिरापर्यंत मावशींना हाका मारत राहिली. पहाटे कधीतरी आईचा दंड धरून झोपली, असं वडिलांनी कळवलं. दत्तकानंतर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तिकडून अहवाल यायचा असतो. पहिल्यात दोन वाक्यं होती : सुरुवातीचे आठवडे मूल दर रात्री रडत असे, आणि आता पडलं, लागलं की इतर कोणाकडे न जाता आईलाच शोधतं. सहकारी पहिल्या वाक्यावर बोट ठेवते, मी दुसऱ्यावर.

मावशींना विचारलं तर त्या एवढंच म्हणतात, 'ताई, मला बोलावलंत ते बरं केलंत.' पण त्या स्वतःबद्दल बोलतात की चिऊबद्दल, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

रिवाज अजून तोच आहे. पुढच्या महिन्यात एक मुलगा स्पेनला जातोय. त्या दिवसाच्या ड्युटीच्या तक्त्यात मी त्याच्या मावशींचं नाव घालून वर पाठवलंय. सही अजून झालेली नाही.