दोन भोकं पाडून द्या, मामा

तुळशीचं लग्न झालं की माझ्या भवानी पेठेतल्या दुकानात घोड्याचा साज येऊ लागतो. एरवी कमरेचे पट्टे आणि बॅगांच्या चेनी. टांगे गेले, उरल्या वरातीच्या बग्ग्या.

परवा दुपारी 4 वाजता एक बग्गीवाला कोरा साज घेऊन आला. पांढराशुभ्र, आरसे, गोंडे, घुंगरं. 14 हजार मोजलेले. "मागचा पट्टा लोंबतोय, दोन भोकं पाडून द्या, मामा. 7 ला कोंढव्यात वरात आहे."

मी आधी पट्टा दुमडून पाहिला. चांगलं कातडं दुमडलं की सुरकुततं, सोडलं की सरळ होतं. हा भेगाळला. रंगाच्या पापुद्र्याखाली चक्क पुठ्ठा! 'पितळी' बक्कलाला लोहचुंबक टक्कन चिकटला. शिलाई मशीनची, एक टाका तुटला की पुढची उसवत जाते. आम्ही आरीने भोक पाडतो, मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि दोन्ही समोरासमोरून त्याच भोकात. एक बाजू झिजली तरी दुसरी धरते. वडिलांनी शिवलेला पट्टा तुटलाच तर कातड्यात तुटायचा, शिलाईत नाही. पण हे बघतो कोण? वरातवाल्यांना फोटोत घुंगरं दिसली की झालं.

त्या बग्गीचा ब्रेक नावालाच होता. म्हणजे उतारावर घोडा मांड्यांमागच्या पट्ट्यावर रेलूनच गाडी अडवणार. तोच लोंबला, तर घोड्याचे मागचे पाय ओढले जातात. तो वर घेतला. गाडी ओढायच्या पट्ट्यांचे दोन्ही सांधे उसवून हाताने शिवले. अडीच तास, 600 रुपये.

मग गल्लीत उभ्या घोड्यावर साज चढवला, तर छातीचा पट्टा थेट श्वासनळीवर. मानेवरून त्याला तोलणारी वादी शेवटच्या भोकात, आणखी खाली सोडायला जागाच नाही. नवा तुकडा जोडायला हवा होता. साडेसहा वाजून गेले होते.

"आजचा दिवस चालवून घ्या," तो म्हणाला. मी चालवून घेतलं.

सकाळी न राहवून फोन केला. "एक नंबर झालं, मामा! घोडा तेवढा चढावर खोकत होता."

वादी कापून ठेवली आहे. तो अजून आलेला नाही.