३१ डिसेंबर ९९९९

डेटा वेअरहाउस म्हणजे कंपनीच्या माहितीचं कोठार, आणि त्यातलं स्नॅपशॉट टेबल म्हणजे जुन्या वळणाचा कारकून. तो लिहिलेलं कधी खोडत नाही. ग्राहकाचा पत्ता बदलला की जुन्या ओळीवर ‘इथपर्यंत खरं’ अशी तारीख घालतो आणि खाली नवी ओळ मांडतो. रकाने दोनच, कधीपासून आणि कधीपर्यंत. आमच्या धंद्यात याला ‘एससीडी (स्लोली चेंजिंग डायमेन्शन) टाइप टू’ असं भारदस्त नाव आहे, पण काम एवढंच. अडतं ते शेवटच्या ओळीपाशी. जी ओळ आज खरी आहे, तिच्या ‘कधीपर्यंत’मध्ये लिहायचं काय?

अशी टेबलं बनवणाऱ्या डीबीटी या साधनाचं मूळ उत्तर आहे, काहीच लिहू नका. नल, म्हणजे रिकामी किंमत. मला हे उत्तर फार आवडायचं. ‘पुढील आदेश येईपर्यंत’ म्हणतात ना, तसं. कधी संपेल ठाऊक नाही, म्हणून रकाना कोरा.

मग एकदा ऑर्डरचा अहवाल कमी भरला. ऑर्डर त्या वेळच्या पत्त्याशी जोडायला मी लिहिलं होतं की ऑर्डरची तारीख ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ यांच्या बिटवीन, म्हणजे दरम्यान, असावी. वाचायला किती निरागस! पण एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, खरं आणि खोटं यांच्या जोडीला ‘माहीत नाही’ हे तिसरं उत्तर असतं. ऑर्डरची तारीख नलपेक्षा लहान आहे का, असं विचारलं की ते मिळतं, आणि व्हेअर या अटीच्या दारातून फक्त ‘खरं’ आत जातं. म्हणजे झालं असं की घर बदललेल्यांचे जुने पत्ते झाडून हजर, आणि ज्यांनी कधी घरच बदललं नाही, ज्यांची एकुलती एक ओळ अजून उघडी आहे, ती सगळी स्थिर माणसं गायब. चालू ओळ खरोखरच चालू निघाली. (बिटवीन दोन्ही टोकं धरतं, त्यामुळे नेमक्या बदलाच्या क्षणी दोन ओळी जुळतात, हा वेगळाच घोळ. तिथे ‘पासून’ला बरोबरीसह मोठं आणि ‘पर्यंत’ला निव्वळ लहान, असंच लिहावं.)

यावर कोअलेस हे फंक्शन लावून नलच्या जागी लांबची तारीख धरता येते. पण ते प्रत्येक क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) लावावं लागतं, आणि कुठल्या तरी एका ठिकाणी कुणी तरी विसरतंच. ते कुणी तरी बहुधा मीच असतो.

डीबीटीच्या १.९ आवृत्तीपासून यासाठी एक सेटिंग आलं, ‘डीबीटी व्हॅलिड टू करंट’. त्यात तारीख द्यायची, की चालू ओळींना नलऐवजी तीच लागते. बहुतेक जण देतात ३१ डिसेंबर ९९९९. चार आकडी वर्षांचा हा शेवटचा दिवस. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, बिगक्वेरी या डेटाबेसांच्या तारखाही तिथेच संपतात. ‘पुढील आदेश येईपर्यंत’वरून एकदम ‘यावच्चंद्रदिवाकरौ’!

मी ती एक ओळ लिहिली आणि हात झटकले. इथेच फसलो. हे सेटिंग आधीच्या ओळींना हात लावत नाही. जुन्या चालू ओळी नलच्या नलच आणि नव्या ९९९९च्या, असं टेबल दुभंगलं. भरीत भर म्हणजे ‘चालू ग्राहक दाखव’ म्हणून ‘इज नल’ (रकाना कोरा आहे का) लिहिलेल्या जुन्या क्वेऱ्या. त्यांना नवे ग्राहक दिसेचनात. आधी जुने नल एका अपडेटने भरायचे, मग त्या क्वेऱ्या एकेक शोधून बदलायच्या. सेटिंगला मिनिट लागलं होतं, निस्तरायला आठवडा.

आणि चंद्रसूर्यही सगळ्यांना परवडत नाहीत. मायएसक्यूएल या डेटाबेसचा टाइमस्टॅम्प हा वेळेचा प्रकार १९ जानेवारी २०३८ ला थकतो. पायथनमधली पांडाज ही लायब्ररी नॅनोसेकंद मोजत असेल तर तिची धाव एप्रिल २२६२ पर्यंतच. ९९९९ चा शेवटचा क्षण ठेवून टाइमझोन बदलायला जावं, तर तारीख सन १०००० मध्ये पाय टाकते आणि तोंडघशी पडते. यातल्या त्यात पोस्टग्रेस हा डेटाबेस शहाणा. त्याच्याकडे ‘इन्फिनिटी’ नावाची खरीखुरी किंमत आहे, आकड्याचं सोंग नाही.

सोंगाचा पुढचा प्रताप म्हणजे सरासरी. ग्राहक एका पत्त्यावर किती काळ राहतो, असा तक्ता कुणीसा काढला. उत्तर आलं, सुमारे चार हजार वर्षं. मीटिंगमध्ये क्षणभर कुणी हसलंसुद्धा नाही. आकडा तक्त्यातल्या रंगीत पट्ट्यावर होता ना. कोऱ्या रकान्याने निदान हे तरी केलं नसतं.

तरी मी ९९९९च ठेवलंय. नलचा प्रामाणिकपणा दर क्वेरीत निभावावा लागतो. हे खोटं एकदाच बोलावं लागतं, आणि ते इतकं ढळढळीत आहे की माणूस सहसा फसत नाही. पट्टा रंगीत नसेल तर.

चाचणीसाठी टेबलात मी स्वतःची एक ओळ घातली होती, ती अजून तशीच आहे. भाड्याच्या घराचा पत्ता, ३१ डिसेंबर ९९९९ पर्यंत. घरमालकांना अजून सांगितलेलं नाही.