टायमिंग चेन बदलायची केव्हा?

सकाळी थंड इंजिन सुरू केले की पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड व्हायची आणि मग आवाज आपोआप थांबायचा. त्यानंतर गाडी दिवसभर सुरळीत चालत असल्यामुळे मी जवळजवळ दोन महिने तिकडे दुर्लक्ष केले. ते करायला नको होते.

इंजिनात पिस्टनमुळे फिरणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट; या दोघांचा मेळ काही गाड्यांत टायमिंग बेल्ट राखतो, तर काहींत टायमिंग चेन. बेल्ट किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. चेनला मात्र बहुतेक गाड्यांत अशी मुदतच दिलेली नसते, आणि त्यातून ती आयुष्यभर टिकते असा समज रूढ झाला आहे. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण तिचे पोलाद ताणलेले नसते. कड्यांच्या पिना आणि बुश कणाकणाने झिजतात, ती सगळी झीज मिळून चेनची लांबी वाढते आणि क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एक फेरी घेणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या तुलनेत अंशाअंशाने मागे पडू लागतो. ऑइल उशिरा बदलणे, त्याची पातळी खाली जाऊ देणे किंवा त्यात काजळी साचू देणे, यांमुळे ही झीज झपाट्याने वाढते. म्हणूनच दोन सारख्याच गाड्यांच्या चेनचे आयुष्य निव्वळ किलोमीटरवरून ठरवता येत नाही.

केवळ आवाजावरूनही निर्णय घेऊ नये. ऑइल फिल्टरमधली झडप निकामी झाली, तर रात्रभरात ऑइल खाली उतरते, ऑइलच्या दाबाने चेन घट्ट धरणाऱ्या हायड्रॉलिक टेन्शनरला सकाळी दाब मिळायला वेळ लागतो आणि चांगली चेनसुद्धा क्षणभर वाजते. त्यामुळे आमच्या मेकॅनिकने आधी ऑइल आणि फिल्टर बदलला. आवाज गेला नाही. स्कॅनर लावल्यावर पी-००१६ हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे क्रँक आणि कॅम यांच्या स्थिती जुळत नव्हत्या. परंतु हा कोड बिघडलेल्या सेन्सरमुळेही येऊ शकतो, असे सांगून त्याने टेन्शनर काढून पाहिला. त्याचा दट्ट्या जवळजवळ शेवटच्या खाचेपर्यंत बाहेर आला होता. चेनचा ढिलेपणा सावरायला आता जागाच उरली नव्हती, आणि माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला.

यानंतर ‘अजून महिनाभर चालेल’ हा विचार घातक ठरतो, कारण पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येणाऱ्या इंजिनात चेन काही दात सरकली, तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, उघडावे लागते. शिवाय यात खरा खर्च मजुरीचा असतो, म्हणून गाइड (चेनला आधार देणाऱ्या पट्ट्या), टेन्शनर आणि स्प्रॉकेट (दातेरी चाके) यांसह पूर्ण संच एकदमच बदलावा.

नवी चेन बसवल्यावर मेकॅनिकने सेल्फ मारण्याआधी पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला आणि क्रँक व कॅम जुळल्याच्या खुणा पुन्हा तपासल्या. ही चेन बसवण्यापूर्वी त्याने जुनी आणि नवी एकाच खिळ्याला अडकवून दाखवल्या होत्या; जुनी चार-पाच मिलिमीटर खाली लोंबत होती.