तुम्ही विचारलंत म्हणून: रो-हाऊस का विकलं?

“चांगलं ऐसपैस रो-हाऊस विकून वन बीएचकेत का गेलात? पैशांची अडचण होती का?” हळदीकुंकवाला, बँकेत, जॉगिंग ट्रॅकवर, कुठेही भेटलं की हेच विचारतात. अडचण काहीच नव्हती. मला ५६व्या वर्षी नोकरी सोडायची होती आणि त्या घरात राहून ते जमणारं नव्हतं.

मुलगी बंगळूरला गेल्यापासून वरच्या मजल्यावर आम्ही फक्त झाडायला चढायचो. तरी दर पावसाळ्याआधी गच्चीची गळती, मग रंग, वर घरपट्टी. नाशिकमधल्या अंबडच्या कंपनीत आयुष्यभर हिशेबच केले, तेव्हा घराचाही मांडला. आमची सगळ्यात मोठी पुंजी भिंतींत अडकलेली होती आणि तिच्या देखभालीसाठी मी कामावर जात होते.

लोकांना धास्ती असते ती घर विकून झालेल्या नफ्यावरच्या कराची. पण जुनं राहतं घर विकून दोन वर्षांत दुसरं घेतलं, तर विक्रीची सगळी रक्कम त्यात घालावी लागत नाही, नफ्याएवढी घातली की पुरे. नव्या घरात घालूनही नफा उरला, तर सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत करबचतीचे बाँड घेता येतात. ते पैसे पाच वर्षं अडकतात. नफा काढायला जुनं खरेदीखत मात्र जपून ठेवा.

पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ५५ ते ६० मधल्या निवृत्तांना फक्त निवृत्तीचे पैसे ठेवता येतात, तेही मिळाल्यापासून तीन महिन्यांत. घराचे चालत नाहीत. म्हणून पीएफ-ग्रॅच्युइटी तिकडे ठेवली, घराचे उरलेले एफडीत. पीएफचं पेन्शन ५८च्या आधी घेतलं की दर वर्षामागे ४ टक्के कायमचे जातात. म्हणून ५८ होईपर्यंत आम्ही व्याजावर भागवलं.

जीव तुटला तो सासूबाईंच्या शिसवी पलंगापाशी. दर दिवाळीला त्या त्याच्या पायांना तेल चोळायच्या, लाकूड आरशासारखं झालं होतं. नव्या बेडरूमच्या दारातून तो आत जाईना. पुतण्याने ओझरला नेला, तेव्हा मी खूप रडले.

स्वस्त मिळतं म्हणून गावाबाहेर जाऊ नका, हे मात्र मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. आम्ही इंदिरानगरातच राहिलो. डॉक्टर तेच, भाजीवाली तीच, आणि गुडघ्यांसाठी लिफ्ट. मुलगी-जावई आले की हॉलमध्ये गाद्या पडतात.

आणि हो, घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं की आपल्याकडे महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते. हा फ्लॅट माझ्या नावावर आहे.