फिजी, सामोआ की रॅरोटाँगा?

जुलैत ऑकलंडला थंडी-पाऊस असतो आणि मुलांना शाळेची सुट्टी. आई डोंबिवलीहून आमच्याकडे आली होती. तिला समुद्र काठावर बसून बघायचा नव्हता, पाण्यात उतरायचं होतं. पण तिला पोहता येत नाही आणि गुडघे दुखतात. म्हणून सुट्टीसाठी पॅसिफिक महासागरातलं एखादं बेट निवडताना मी हॉटेलांचे फोटो बाजूला ठेवले आणि प्रत्येक बेटाबद्दल एकच गोष्ट शोधत गेलो: आईला चालत पाण्यात शिरता येईल का?

ताहिती आणि बोराबोरा आधीच बाद झाले. तो फ्रान्सचा प्रदेश, भारतीय पासपोर्टवर व्हिसाची वेगळी खटपट करावी लागते.

माझं मन सामोआत अडकलं होतं. विषुववृत्ताला जास्त जवळ, त्यामुळे जुलैतही चांगलं ऊबदार. किनाऱ्यावरच्या 'फाले'त, म्हणजे भिंती नसलेल्या उघड्या झोपडीत, लाटांच्या आवाजात झोपायचं मला फार आकर्षण. पण तिथं गादी बहुधा जमिनीवरच. आईला रोज खाली बसून उठायला लावणं मला पटेना.

फिजी सर्वांत सोपं होतं. तीन तासांचं विमान, भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, डाळ-रोटी सहज मिळते. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, भारतातून नेलेल्या मजुरांचे वंशज तिथं आजही त्यांची हिंदी बोलतात. आईला त्यांच्याशी गप्पा मारायची फार उत्सुकता होती. अडलं ते पाण्याशी. मुख्य बेटाच्या कोरल कोस्टवर ओहोटीला बऱ्याच ठिकाणी प्रवाळ उघडा पडतो, मग पोहण्याजोगं पाणी उरत नाही. मामानुका बेटांजवळचं पाणी सुंदर, पण तिथं बोटीनं जायचं आणि काही ठिकाणी छोट्या होडीतून थेट पाण्यात उतरायचं.

रॅरोटाँगा हे कुक बेटांमधलं मुख्य बेट. त्याच्याभोवती प्रवाळाचं कडं आहे. मुरी या किनाऱ्याला कड्याच्या आत उथळ, स्वच्छ लगून, म्हणजे समुद्राचं शांत, अडलेलं पाणी, आणि पायाखाली वाळू. बेटाला वळसा घालणारा रस्ता जेमतेम ३२ किलोमीटरचा, त्यावर दोन्ही दिशांनी बस फिरते. चलनही न्यूझीलंडचाच डॉलर. उणी बाजूही आहे: हे बेट २१ अंश दक्षिणेला, म्हणून जुलैत पाणी थोडं गार, आणि आग्नेयेचा वारा मुरीवर थेट येतो. त्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं. वारा पडेल तेव्हा बसनं मुरीला जायचं ठरलं. कड्यात जिथं खिंडी आहेत, उदाहरणार्थ आवाआवारोआ, तिथं पाण्याची ओढ जीवघेणी असते. त्या जागा मी मुलांना नकाशावर दाखवून ठेवल्या.

आईचा न्यूझीलंडचा व्हिसा परत येण्यासाठी चालेल ना, हे तिकिटाआधी तपासलं. घराचं आरक्षण मात्र शुक्रवारपासून करावं लागलं, कारण मध्ये वाररेषा आहे: ऑकलंडहून शनिवारी निघालं की तिथं शुक्रवारीच पोचतो.